रेंज वाढविणेबाबत

१ मे, गुरुवार

उठून गेले! अख्खी वरची वाडी ग्रामसभेतून उठून गेली. माणसं जमवायला आठवडाभर दारोदार फिरले आणि घालवायला एक वाक्य पुरलं.

विषय किती साधा होता. ग्रामसेवकाने वाचला — "गावातील रेंज वाढविणेबाबत." इंटरनेटची केबल कार्ल्यापर्यंत आलेली आहे. तिथून डोंगराआड आमच्या देवशेतला आणायची. सरकारची योजना आहे, पण गावाचा ठराव नसेल तर वरचा एकही माणूस कागदाला हात लावत नाही. मला वाटलं, टाळ्या पडतील.

तर महिपती आबा उठले. वरच्या वाडीतले सगळ्यात वडीलधारे. काठी आपटून म्हणाले, "रेंज वाडवू द्यायची न्हाई! आदीच रेंजचे दगड आमच्या बांधाला टेकल्यात. आता खाचरात आनून रोवता का?"

मिनिटभर कुणाला काही कळेना. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे वनखात्यालाही रेंजच म्हणतात — रेंज ऑफिस, रेंजवाले, रेंजचं जंगल. आबांना वाटलं, आम्ही जंगलाची हद्द वाढवतोय!

मी एवढंच म्हटलं, "आबा, ती रेंज नव्हे, मोबाईलची. तुमच्या कानांचीच रेंज गेलीय बहुतेक."

सभा खो खो हसली. आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि चालू लागले. त्यांच्यामागे वाडी. बायासुद्धा! कोरम गेला, सभा तहकूब.

एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं त्यात? आणि घरी आल्यावर हे म्हणतात, "तुझं बोलणं म्हणजे..." आणि भाकरी मोडायला लागले. वाक्य पुरं करायची यांना मुळी सवयच नाही.

३ मे

संदेशला फोन लागला. फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सरपंच टाकीवर!

सांगितलं, ठराव अडकला. म्हणाला, "असू दे गं आई. सावकाश होऊ दे." सावकाश काय सावकाश! गेल्या दसऱ्याच्या आधी गेले तिघं तळेगावला, भाड्याच्या जागेत. अपेक्षाचं काम लॅपटॉपवरचं, पुण्यातल्या कंपनीचं. "इथे रेंज नाही आई, तिची नोकरी जाईल," म्हणाला. खरंच आहे त्याचं. सुनेची नोकरी घालवून तिला घरात बसवणारी सासू मी नाही. पण इंदू तेव्हा नुसती रांगत होती. आता म्हणे जिना चढते. तो जिना मी पाहिलेलासुद्धा नाही नीट.

भाषणात मी गावासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी म्हणते. खोटं नाही ते. पण वहीत खरं लिहायला कुणाची भीती? मला माझी नात घरात हवी आहे. रेंज आली की येतील.

२० मे

तळेगावची अनघा ताम्हणकर येऊन गेली. तिची संस्था हेच काम करते — सरपंच, पुढारी, साहेब लोक, सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि गावोगाव केबल न्यायची. म्हणाली, "काकू, एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. सगळी एका खोलीत असली की बोट दाखवणं अवघड जातं." लोणावळ्यात बैठक घेऊ म्हणते.

मुलगी हुशार आहे, पण बोलते किती हळू! मी एवढंच म्हटलं, "ताई, तुमचा आवाज पोचेना, तुमची केबल काय पोचणार?" कानापर्यंत लाल झाली. पण वही उघडून पुढचा मुद्दा काढला. चिवट आहे. आवडली मला.

हे मात्र खूश नाहीत. तळ्याकाठच्या आमच्या माळावर यांचे तंबू आहेत. पाटी लावलीय — "इथे रेंज नाही. इथे फक्त तुम्ही." मुंबई-पुण्याची माणसं रेंज नसावी म्हणून पैसे मोजून इथे झोपायला येतात. आणि माझी माणसं रेंज नाही म्हणून गेली! कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

११ जून

निमंत्रणपत्रिका पुन्हा छापायची. माजी सभापतींचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणे. अनघा रडकुंडीला आलीय. मी सांगितलं, सगळी नावं गोल गोल छाप, ताटातल्या वाट्यांसारखी. तिला ते खरंच वाटलं!

५ जुलै, शनिवार

पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळ्यात बैठक! ही तारीख मावळच्या माणसाने दिलेली नाही, मंत्रालयातून आली. व्हायचं तेच झालं. सचिव साहेब भुशी डॅमच्या गर्दीत अडकले. पुढे गाड्या, मागे गाड्या, बाजूने भिजलेली पोरं नाचतायत. आम्ही वलवणच्या हॉलमध्ये बटाटेवडे खात बसलेलो.

व्यासपीठावर आधी मोजक्या खुर्च्या होत्या. मग "यांना वर घ्या", "त्यांना कसं खाली बसवणार" करता करता वरच गर्दी झाली. खाली आम्ही सरपंच, दोन पत्रकार आणि चहावाला. शाल-श्रीफळ संपायला दुपार झाली. त्यात मलाही शाल! उकाड्याने जीव नको झालेला.

मग एकेक साहेब बोलले. बांधकाम खात्याचे म्हणाले, "आमची हरकत नाही, फक्त वनखात्याचं पत्र यावं." वनखातं म्हणालं, "आमचीही नाही, केबल कंपनीने आखणी द्यावी." कंपनीवाले म्हणाले, "आम्ही तयारच आहोत, पंचायतीचा ठराव येऊ दे." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी शाल काढून ठेवली आणि म्हटलं, "म्हणजे इतका वेळ फुगडीच चालली होती म्हणायची!" हशा झाला. सचिव साहेब आले तोवर आभारप्रदर्शन सुरू होतं.

पण खरी गोष्ट चहाच्या वेळी कळली. रेंजर साहेब, वयाने संदेशएवढेच, बाजूला येऊन म्हणाले, "मॅडम, एक सांगतो, आधी माहीत असलेलं बरं. केबल डोंगरावरून न्यायची तर आधी आमची आणि महसूलची एकत्र मोजणी होणार. तुमच्या वरच्या वाडीची खाचरं कुठल्या बाजूला पडतील ते मी सांगू शकत नाही. आजवर मोजलं नाही म्हणून कुणी काही म्हटलं नाही. एकदा मोजलं की कागदावर जे येईल ते येईल."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

७ जुलै

जेवण जात नाही. आबा कान नसल्यासारखे बोलले आणि नेमकं तेच होणार. आमची रेंज यायला त्यांची रेंज वाढणार!

डोंगरावरची वाट सरळ आहे, लवकर होणारी आहे. निवडणुकीची आचारसंहिता कधीही लागेल, मग सगळं ठप्प. गप्प बसले तर काम होतं. रेंजर साहेब माझ्याशीच बोलले, बाकी कुणी ऐकलं नाही. मोजणी झाली, खाचरं गेली, तर नाव सरकारचं होईल. माझं नाही.

पण वरच्या वाडीच्या त्या खाचरांवर माणसांची वर्षाची भाकरी आहे. रस्त्याने कधी गेले तर शालूबाई आणि बायका लावणी करताना "सरपंच, या की!" म्हणून हाक मारतात. सभेतून उठून गेल्या, तरी हाक मारतात.

आणि इंदू?

९ जुलै

अनघाला टाकीवरून विचारलं, दुसरी वाट नाही का? आहे म्हणाली. गाडीरस्त्याच्या कडेकडेने. लांब पडते, पण तिथे जंगल लागत नाही. एकच अडचण — वळणाजवळ दरड येते, तिथे खांब टिकणार नाहीत. तेवढ्यापुरती लाइन रस्ता सोडून खालच्या माळावरून न्यावी लागेल.

खालचा माळ आमचाच. तंबूंचा.

१३ जुलै, रविवार

आबांकडे गेले. ओट्यावर बसून बांबूच्या कामट्या तासत होते. माफी मागायची असं वाटेने घोकत गेले होते. तोंडातून निघालं, "आबा, ओटा किती गळतोय! पत्रा बदला की."

"बदलू," म्हणाले. "तुमी काय पत्रा बगाय आलाय व्हय?"

मग सांगितलं सगळं. मोजणीचं. रेंजर साहेबांचं. आबा ऐकत होते. कामटी खाली ठेवली.

"म्हंजी मी बरुबरच बोललो म्हना की!"

हसू आलं मला, त्यांनाही आलं.  मी म्हटलं, डोंगरावरून लाइन नेणार नाही. रस्त्याने नेणार, आमच्या माळावरून.

"तितं कैलासचे तंबू हायेत न्हवं?"

"आहेत."

"त्याला ठावं हाय?"

"नाही अजून."

"मंग सरपंचबाई, आदी घरात ग्रामसभा घ्या." कामटी परत उचलली. मी उठताना म्हणाले, "तुमी वाईट न्हाई. पन तुमचं बोलनं लागतं मानसाला. लय लागतं."

म्हातारी माणसं असंच काहीतरी बोलतात.

१४ जुलै

यांना सांगितलं. ऐकून घेतलं. "खांब तंबूंच्या मधून जाणार?" हो म्हटलं. "तू ठरवलंयस ना? मग विचारतेस कशाला?"

मी एवढंच म्हटलं, तंबू काय, दुसरीकडे ठोकता येतात, नात दुसरीकडे मिळत नाही. यांनी पांघरूण उचललं आणि माळावर झोपायला गेले. ऐन पावसात!

१९ जुलै

अजून माळावरच. डबा पाठवते, रिकामा येतो. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ठराव झाला!

या वेळी ग्रामसेवकाला ताकीद दिली होती, 'रेंज' शब्द काढ. "गावात इंटरनेटची केबल रस्त्यामार्गे आणणेबाबत." आबा पुढच्या रांगेत. वाचून झाल्यावर उठले.  म्हणाले, "ह्यात मोजनी न्हाई ना?" नाही म्हटलं. "मंग वाडीचा हात वर."

हात वर झाले. मी मागे पाहिलं, तर दारापाशी हे उभे होते. यांचाही हात वर. पण माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर बघत होते. घरी मात्र आले आज. जेवले. मी आमटीबद्दलसुद्धा काही विचारलं नाही.

४ सप्टेंबर

ठराव होऊन काय? फुगडी चालूच. बांधकामवाले म्हणतात पंचायत समितीचं पत्र, ते म्हणतात जिल्ह्याचं. फाईल कुठे आहे विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे मान करतो. विसर्जनानंतर बघू म्हणाले. म्हणजे पितृपक्ष. पितृपक्षात कुणी चांगलं काम काढत नाही. मग नवरात्र. मग आचारसंहिता!

संदेशला म्हटलं, दिवाळीपर्यंत होईल. "हं," म्हणाला.

२४ सप्टेंबर

अनघाला मी आज मानलं. या मुलीला मी काय काय बोलले होते!

तिने सगळ्या साहेबांना पुन्हा बैठकीला बोलावलं — लोणावळ्याला नाही, आमच्या गावात. पंचायतीच्या ऑफिसात, सतरंजीवर. व्यासपीठच नाही, मग वर कोण आणि खाली कोण! मी म्हटलं, अगं, कोण येणार या कोपऱ्यात? आले. तळं बघायला का होईना, आले. सचिव साहेबसुद्धा.

आणि खरी गंमत पुढेच. कुणाच्याही फोनला रेंज नाही! लोणावळ्याला दर दोन वाक्यांनी एकेक जण "एक मिनिट हां" म्हणून बाहेर जायचा, तो चहालाच परत यायचा. इथे कुणाला फोन येईना, कुणी उठून जाईना. सुरुवातीला सगळे फोन उलटसुलट करून बघत होते, नंतर खिशात ठेवले. मग समोरासमोर बसून बोलावंच लागलं. बांधकामवाल्यांनी पत्र मागितलं, पंचायत समितीवाले शेजारीच मांडी घालून बसलेले. काढा म्हटलं पेन! पिठलं-भाकरीच्या आधी सगळ्या सह्या.

जाताना सचिव साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या गावात रेंज आली की अशी बैठक पुन्हा होणं नाही." हसत हसत म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं. आनंदाने. स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावली.

२२ ऑक्टोबर, पाडवा

तिघं आले आहेत परवापासून. घर भरलं. इंदू यांच्या मिशा ओढते, हे ओढू देतात. किती दिवसांनी हसले असतील.

अपेक्षाने शंकरपाळे केले. चांगले झाले होते. मी एवढंच म्हटलं, "तुमच्याकडे जाडच लाटतात वाटतं." "हो आई," म्हणाली. इंदूला मऊ भात भरवत होती, तर म्हटलं, या वयात संदेश भाकरी खायचा, तिला आणखी किती दिवस बाळ करून ठेवणार. "हो आई," म्हणाली. शांत आहे पोर. उलटून कधी बोलली नाही. माझ्या जावांच्या सुना बघितल्या की मी देवाचे आभार मानते.

त्यांची खोली दाखवली. खिडकीपाशी टेबल टाकलंय तिच्या लॅपटॉपसाठी, सुताराकडून मुद्दाम करून घेतलं. बटणाचा बोर्ड टेबलाच्या उंचीला. संदेश म्हणाला, "कशाला एवढं, आई." तिने टेबलावरून हात फिरवला. "छान आहे," म्हणाली. डोळे भरल्यासारखे वाटले तिचे. मलाही बरं वाटलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गेले. उद्या जायचे होते, आजच गेले. अपेक्षाच्या ऑफिसचं काही निघालं. इथे रेंज नाही ना!

गाडी वळणापर्यंत गेली तोवर मी दारात होते. हे म्हणाले, "सारखं रेंज रेंज काय घेऊन बसलीयस?" म्हटलं, मग काय घेऊन बसू? "अगं, ती पोर..." पुन्हा वाक्य अर्धंच.

१७ नोव्हेंबर

खांब आले! सह्या वेळेत झाल्या म्हणून आचारसंहितेतून सुटलो. आबा काठी टेकत रोज खड्डे बघायला येतात आणि मजुरांना सूचना करतात. माळावरच्या खड्ड्यांपाशी मात्र हे स्वतः उभे राहिले. तंबू हलवले त्यांनी, माझ्याशी एक शब्द न बोलता.

८ डिसेंबर

यांनी पाटी बदलली. "तळं आहे. शांतता आहे. वायफाय पण आहे." ओठ चावून धरला!

२९ डिसेंबर

पंचायतीत लाइन सुरू झाली. शाळेतली पोरं खिडकीला लटकलेली. शालूबाईच्या नातीचा कॉलेजचा फॉर्म पंचायतीत बसून भरला गेला, त्यासाठी कार्ल्याला जावं लागलं नाही. वरच्या वाडीने पेढे वाटले. आबांनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ही रेंज बरी हाय." अनघा आली होती. तिला जवळ घेतलं. बोलले नाही काही, बोलले असते तर चुकीचंच निघालं असतं तोंडातून.

घराघरात पुढच्या पंधरवड्यात येणार.

१२ जानेवारी

खोली झाडली. गादीला ऊन दाखवलं. इंदूच्या हाताला लागेल म्हणून टेबलाचे कोपरे कानस घेऊन घासले. हे दारातून बघत होते. म्हणाले, "सविता, आधी त्यांना विचारलंयस का?" विचारायचं काय त्यात! रेंजसाठी गेले होते, रेंज आली.

१४ जानेवारी, संक्रांत

घरात लाइन आली. पहिला फोन तळेगावला, तोंड दिसतं तो. इंदूने पडद्याला पापा दिला. मी म्हटलं, आता सामान बांधा, खोली तयार आहे.

संदेश मान खाली घालून बसला. मग अपेक्षाने फोन स्वतःकडे घेतला. हळू म्हणाली, "आई, आम्ही रेंजमुळे नव्हतो गेलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून संदेशने रेंजचं नाव सांगितलं होतं."

मी हॅलो, हॅलो केलं. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आवाज अगदी स्वच्छ येत होता.